सच्याची बोट: छोटी की मोठी?

आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे अर्धं मी पाहिलंय. उरलेलं सच्याने सांगितलंय, आणि सच्या फक्त मॅनेजरशी खोटं बोलतो.

हिंजवडीत आमच्या टीममध्ये कामापेक्षा किस्से जास्त साचतात. त्यातले निम्मे सच्याच्या बोटीचे.

सच्या पुण्याजवळच्या मांजरी गावचा. नवीन लग्न, आणि घरात चौदा माणसं. बायकोशी, पूजाशी, बोलायचं तरी मीटिंग लावावी लागते. आबांनी, म्हणजे वडिलांनी, थोडी जमीन बिल्डरला दिली आणि म्हणाले, "माग काय पायजे ते."

सच्या म्हणाला, "मोटरबोट. दोन सीटची."

"पाण्यात तरी कोण मागे येणार?" हे आम्हाला.

*

धरणावर छोटीची ट्रायल होती. पूजा नवीन ड्रेस घालून आली. आबाही आले. पाय उचलून सरळ शेजारच्या सीटवर!

"पोरी, तू थांब काठावर. आधी मी बघतो, धोका हाय का."

बोट सुसाट. आबा तासभर ठिबक सिंचनावर बोलले.

*

मी सच्याला सहज म्हणालो, "दोन सीट म्हणजे टू-व्हीलरचा नियम. हेल्मेट लागणार."

"रस्त्यावर घालत नाही, धरणात घालू?"

संध्याकाळी तो मोठ्या बोटीचं ब्रोशर घेऊन आला.

*

तरी डोक्यात गोंधळ होताच. आमच्या मंदारचे बाबा पक्के पेठेतले. सच्याने त्यांना विचारलं, "काका, छोटी घेऊ की मोठी?"

"आपल्याला पोहता येतं?"

"नाही."

"मग छोटी घ्या. नुकसान कमी."

*

शेवटी पूजाला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मोठी घ्या."

सच्याचा चेहरा पडला. बायकोही घरच्यांच्याच पार्टीत!

*

मोठी आली. हार झाला, नारळ झाला. पहिल्या रविवारी आख्खं घर धरणावर. तिथला माणूस म्हणाला, "बारा बसतील. तेरावा नाही."

आबा एकेकाचं तोंड बघायला लागले. पूजा पदर सावरून पुढे झाली. "आबा, तुम्ही सगळे फिरा. आम्ही दोघं घरी जाऊन घर सांभाळतो."

आबांचे डोळे भरून आले. "अशी सून शोधून मिळायची न्हाई!"

तेव्हापासून दर रविवारी तेच. पूजा पहाटे उठून बारा जणांचे डबे भरते, गेटपर्यंत सोडायला जाते, टाटा करते. सच्या इतका खूश, की सोमवारी ऑफिसला वेळेवर येतो!

मागच्या महिन्यात आबांना राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरांवर लई अन्याय झाला. ही बोट विकू. चौदा जणांची बघतो."

सच्या पांढराफटक.

पूजा शांतपणे म्हणाली, "आबा, बघताय तर पंधराची बघा."

काय? खोटं वाटतंय? मग हसलास कशाला? काढ पाकीट, चहाचं बिल तुझं.