मला खो कोण देणार?

"ए, तू ऊठ. तुला खो कोण देणार?" गुरुजी म्हणाले.

मी चौथीत होते. रेणापूरजवळच्या आमच्या गावातली शाळा. खेळाच्या तासाला मी खो-खोच्या ओळीत बसले होते. खो द्यायचा म्हणजे पाठीला हात लावावा लागतो. माझ्या पाठीला हात लावायला मुली तयार नव्हत्या. आम्ही बौद्धवाड्यातले.

लातूर जिल्हा नवाच झाला होता. जिल्ह्याच्या स्पर्धांसाठी गुरुजी संघ तयार करत होते. हेडमास्तरांना खेळ म्हणजे तास वाया घालवणं वाटायचं. गुरुजी त्यांच्याशी भांडायचे. खेळात सगळी लेकरं एक होतात, म्हणायचे. मला ते फार आवडायचे. म्हणून लई लागलं.

त्यांनी खराटा माझ्यापुढं टाकला. "मैदान झाडून घे. तुमचं अंग कामानं तयारच असतंय. तुला कशाला पाहिजे खेळ?"

मी झाडलं. पाऊस नव्हताच त्या वर्षी. नुसता फुफाटा. नाकातोंडात माती. मी झाडलेल्या जागेवर मुली पळाल्या.

संध्याकाळी आई दुष्काळी कामावरून आली. खडी फोडून तळहात सोललेले. तिला सगळं सांगितलं.

"झाड की गं," ती म्हणाली. "गुरुजी चांगले हायेत. शाळेतून काढलं तर कुठं जातीस?"

माझी आई इतकी भिते, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी खराट्याला हात लावला नाही. ओळीत जाऊन बसले. गुरुजी म्हणाले, ऊठ. उठले नाही. त्यांनी पाठीवर छडी ओढली. माझ्या पाठीला हात चालत नव्हता. छडी चालत होती.

खेळ सुरू झाला. मुली मला ओलांडून पलीकडं खो द्यायच्या. शेजारच्या बाकावर बसून माझ्याकडून गणितं समजून घेणारी मुलगीसुद्धा. मी रडत होते. पण बसून राहिले. तास संपेपर्यंत.

पुढं संघ लातूरला गेला. मला नेलं नाही.

छडी बसली त्याच संध्याकाळी आईला कुणीतरी माझ्या पाठीवरच्या वळांचं सांगितलं असावं. तिनं माझा झगा वर केला, तेल लावलं, आणि रडत रडत पुन्हा तेच म्हणाली, ऐक गुरुजींचं, चांगले हायेत ते.

"न्हाईत," मी म्हणाले. "चांगले असते तर पहिला खो त्यांनीच दिला असता. मी उद्याबी बसणार. उठणार न्हाई."