नवमीचं पान आणि गच्चीची चावी

टॉवरमध्ये कसं काय वाटतं, असं गावचे लोक मला फोनवर विचारतात. मी सांगतो, लिफ्ट चांगली आहे. आणखी विचारलं तर सांगतो, पाणी दिवसभर येतं. त्याच्याही पुढे विचारलं तर शिव्या ऐकाव्या लागतील, म्हणून ते विचारत नाहीत.

आमची मुलुंडची चाळ पाडली आणि त्याच जागेवर हा टॉवर उभा राहिला. चाळीतले आम्ही थोडे, बाकी सगळे फ्लॅट विकत घेऊन आलेले. चाळीत भांडण व्हायचं ते तोंडावर. सकाळी नळावर जिच्याशी वाजलं तिच्याच घरी संध्याकाळी वाटीभर आमटी जायची. इथे भांडण होत नाही. इथे बोर्ड लागतो. चपला दाराबाहेर ठेवू नयेत. पॅसेजमध्ये रांगोळी काढू नये. लिफ्टमधून मासळी नेताना ती बंद डब्यात असावी. हा शेवटचा बोर्ड कोणासाठी लावला होता ते आम्हा चाळवाल्यांना बरोबर कळलं. माझ्या बायकोने मला तो मोठ्याने वाचायला लावला आणि म्हणाली, "बांगडो काय लिफ्टीत उडी मारतलो?" दुसऱ्या दिवसापासून ती मुद्दाम उघडी पिशवी घेऊन लिफ्टमधून यायला लागली. कोणाची बोलायची टाप नव्हती. तिच्या तोंडाला सगळी कमिटी घाबरायची.

खोटं कशाला बोलू, सोसायटीने चांगलंही केलं. बायकोला खोकला लागला तेव्हा डॉक्टरने विचारलं, घराजवळ कबुतरं आहेत का? कबुतरं कसली, खिडकीबाहेर त्यांची वसाहत होती. मी मीटिंगमध्ये उठून बोललो. थोड्या दिवसांत सगळ्या बिल्डिंगच्या खिडक्यांना जाळ्या लागल्या आणि पक्ष्यांना कुठेही खायला घालायचं नाही असा ठराव झाला. हात वर करणाऱ्यांत मी पहिला. आजही करीन. चाळीत असतो तर जाळी कोणी लावायची यावरच वर्ष गेलं असतं. आणि ज्या सकाळी तिला हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तेव्हा वॉचमनने लिफ्ट धरून ठेवली, गेटातल्या गाड्या हलवल्या, अँब्युलन्स पार दारापर्यंत आणली. चाळीच्या जिन्यातून तिला खुर्चीला बांधून उतरवावं लागलं असतं. हे सगळं मी मानतो. ती परत आली नाही, त्यात सोसायटीचा दोष नाही.

दोष पुढचा आहे.

ती माझ्या आधी गेली, म्हणजे अहेव गेली. अशा बाईचं पितृपक्षातलं पान अविधवा नवमीला ठेवतात. वर्ष भरायच्या आधी आमच्यात पान ठेवत नाहीत, म्हणून गेल्या खेपेला ठेवलं नव्हतं. यंदाचं पहिलंच. सगळा स्वयंपाक पानावर वाढायचा, कावळ्यासाठी उघड्यावर ठेवायचा, आणि त्याने चोच लावली की मग घरातल्यांनी जेवायला बसायचं. शिकलेले लोक म्हणतील, अडाणीपणा आहे. असू दे. जन्मभर मला वाढल्याशिवाय तिने तोंडात घास घातला नाही. आता वर्षातून एक दिवस तिला माझ्या आधी वाढायचं, एवढंच माझ्या हातात राहिलंय. तेवढं मी कोणाला सोडणार नव्हतो.

पण पान ठेवायचं कुठे? खिडक्यांना जाळ्या. खाली कंपाऊंडमध्ये मांजरं, कॅमेरा आणि बोर्ड. आमच्या समोरच्या दारातल्या गुजराती बेन सासूबाईंसाठी नवमीलाच कागवास ठेवतात. आपण पान म्हणतो, ते कागवास म्हणतात. बिचाऱ्या दूधपाक आणि पुरी डब्यात लपवून रिक्षाने कुठल्या तरी देवळामागे जाऊन ठेवून येतात. घरातलं जेवण घराबाहेर चोरून न्यायचं, हे मला जमणारं नव्हतं. राहिली गच्ची. गच्चीला कुलूप, आणि चावी चेअरमनकडे.

चेअरमन आपलाच मराठी माणूस. मोठ्या ऑफिसातून रिटायर झालेला, माझ्यापेक्षा वयाने लहान, बोलणं लोण्यासारखं. नवमीला काही दिवस होते तेव्हाच मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"या काका, या. काय सेवा करू?"

"नवमीला गच्चीची चावी पाहिजे. पान ठेवायचंय."

"काकूंचं?" त्याने लगेच चेहरा पाडला. "फार मोठ्या मनाच्या होत्या हो. पण काका, ठराव तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच तर पहिला हात वर केला होता."

"तो कबुतरांसाठी. कबुतर वेगळं, कावळा वेगळा."

"ठरावात पक्षी असं लिहिलंय, काका."

"कोंबडी पण पक्षीच. ती तुमच्याकडे रविवारी शिजते तेव्हा ठराव कुठे जातो?"

तो हसला. त्याला राग येत नाही, हाच त्याचा वाईट गुण. "तुम्ही पण ना! बरं, असं करा, एक अर्ज द्या. मी कमिटीसमोर ठेवतो."

"कमिटी कधी बसते?"

"नवमीनंतरच्या रविवारी. काय आहे, यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षीसाठी रीतसर मंजूर करून घेऊ."

पुढच्या वर्षी! समोरच्याचं वय बघून तरी बोलावं माणसाने.

"आणि शेवटी भावना महत्त्वाची हो काका," तो म्हणाला. "घरातच ठेवा पान, मनापासून. काकूंना पोचेल."

"घरात ठेवलेलं मीच खाणार. मी कावळा आहे काय?"

तो परत हसला आणि त्याने दार अगदी हळू लावून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मुलगी दहिसरला राहते. तिला फोनवर सगळं सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "बाबा, भांडू नका हां. तुम्हाला राहायचंय तिथे. एकट्याला. उद्या तुम्हाला काही झालं तर मी पोचेपर्यंत हीच माणसं धावणार आहेत. आमच्याकडे नदीच्या बाजूला कावळेच कावळे आहेत. आईचं पान इथे ठेवू."

"तुझी आई दहिसरला राहत होती काय?"

"कावळ्याला काय कळतंय हो, कुठला पत्ता?"

"कावळ्याला नसेल कळत. तिला कळतं. नवरी होऊन ती ह्याच जमिनीवर आली. आता काय जेवायला तिला दहिसरला पाठवू?"

मग म्हणाली, "येते नवमीला सकाळी. वडे मी करीन, तुम्ही पिठाला हात लावू नका."

नवमीला ती सकाळीच आली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, लाल भोपळ्याची भाजी, वरण-भात, तांदळाची खीर. आईच्या हातचं नव्हतं, पण वास तोच होता. मला स्वयंपाकघरात थांबवेना, म्हणून मी बाहेर येऊन पिशवी भरायला लागलो. पाण्याचा तांब्या, फुलं आणि हातोडी.

"हातोडी कशाला?" तिने विचारलं.

"कुलपाला."

"बाबा, तुम्ही वेडे झालात काय? कॅमेरे आहेत!"

"असू देत. माझा फोटो चांगला येतो."

तिने हातोडी काढून घेतली, मी परत घातली. शेवटी ती पान घेऊन पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे, असे लिफ्टने वर गेलो. शेवटच्या मजल्यावरून पुढे गच्चीचा जिना आहे. आम्ही अर्ध्यावर चढलो तेवढ्यात वरचं दार उघडलं.

चेअरमन बाहेर आला. कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं, हातात रिकामं ताट. त्याने वळून दाराला कुलूप लावलं, चावी कनवटीला खोचली, आणि मग त्याला आम्ही दिसलो.

"कोणाचं?" मी विचारलं.

त्याची लोण्यासारखी जीभ जरा अडकली. "आईचं. ती बाबांच्या आधी गेली."

"कमिटी कधी बसली? मला कळलं नाही."

"काका, हळू बोला ना. ऐकतील कोणीतरी."

"ऐकू देत."

"अहो, आईचं होतं म्हणून..."

"मग हिच्या हातात काय आहे? पिझ्झा?"

मुलीने माझी बाही ओढली, पण तीही त्याच्याकडेच बघत होती. पानावरच्या वड्यांची वाफ आमच्या दोघांच्या मध्ये येत होती. त्याने चावी काढून माझ्या हातात दिली. "पटकन ठेवा आणि पटकन या. चावी वॉचमनकडे देऊ नका, माझ्याच हातात द्या. आणि प्लीज कोणाला सांगू नका. नाहीतर सगळी बिल्डिंग पानं घेऊन वर येईल."

तो खाली गेला. मला त्याच्या आईचं वाईट वाटलं. पोराने आईला जेवू घातलं, तेही लपून.

वर गच्चीत टाकीच्या बाजूला त्याचं पान पडलं होतं. कावळ्यांनी साफ केलेलं. आम्ही डोंगराच्या बाजूच्या कट्ट्यावर आमचं पान ठेवलं. मुलीने भोवती पाणी फिरवलं, फूल ठेवलं आणि मागे सरकली. मला वाटलं होतं, कावळा लवकर येणार नाही, मग मला काहीतरी बोलावं लागेल, तिला काहीतरी कबूल करावं लागेल. काय कबूल करणार? माझ्याकडे राहिलंय काय? मी नुसतं म्हटलं, "जेव." इतकी वर्षं हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला होता. माझ्या तोंडून तो आता निघाला.

कावळा आला. खिरीकडे बघितलंही नाही, वडा उचलला आणि टाकीवर जाऊन बसला. मग दुसरा आला, तिसरा आला, पानावर गर्दी झाली. मुलगी पदर तोंडाला लावून रडली. मी रडलो नाही असं लिहिणार होतो, पण ती हे वाचणार आहे.

"चला बाबा," थोड्या वेळाने ती म्हणाली. "कुलूप लावा."

मी कुलूप हातात घेतलं आणि मला समोरच्या बेन आठवल्या, डबा लपवून रिक्षात बसणाऱ्या. मी फोन काढला. सोसायटीच्या ग्रुपवर मला टाइप करता येत नाही, पण बोलून पाठवायचं बायकोने शिकवलं होतं. मी बोललो, "गच्ची उघडी आहे. ज्यांना कावळ्याला पान ठेवायचं असेल त्यांनी वर यावं. चावी चेअरमनसाहेबांनी स्वतःच्या हाताने दिली आहे."

यातला एक शब्द खोटा नव्हता.

"झालं! वाट लागली," मुलगी म्हणाली आणि तिथेच कट्ट्याला टेकून बसली.

लगेच फोन वाजायला लागला. चेअरमनचा. मी उचलला नाही. त्याच्या आधी बेनच वर पोचल्या, उघडं ताट घेऊन, पायात घरातल्याच सपाता. "काका, सच्ची? इधर रखू?" विचारत होत्या तोवर ठेवूनही झालं होतं. मग चाळीतले एक जण गुडघे धरत आले. मग ज्यांना मी कधी लिफ्टमध्ये बोलताना पाहिलं नव्हतं असे नवरा-बायको आले, त्यांनी भात कागदी प्लेटमध्ये आणला होता. केळीचं पान मिळालं नाही म्हणून ओशाळले होते. मुलीने पिशवीत जास्तीचं ठेवलेलं केळीचं पान अर्धं फाडून त्यांना दिलं.

सगळ्यात शेवटी चेअरमन, धापा टाकत. "काका, हे काय केलंत तुम्ही?"

मी बोलायच्या आधीच बेननी हात जोडले. "थँक्यू हां चेअरमनसाब. बहु सारू काम किया आपने."

त्यानेही हात जोडले. जोडल्याजोडल्याच माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "रविवारी मीटिंगमध्ये उत्तर कोण देणार? तुम्ही?"

"तुम्हीच द्या," आमच्या मागून मुलगी म्हणाली. मला भांडू नका म्हणणारी तीच. आवाज थेट आईचा. "आणि तुमच्या आईचं पान सकाळी कुठे ठेवलं होतं, तेही सांगा. नाहीतर मी सांगते."

गच्चीत सगळ्यांनी ऐकलं. बेननी जोडलेले हात खाली घेतले. कावळे तेवढे ओरडत होते.

मी चावी त्याला शेवटच्या पानाला चोच लागल्यावर दिली. तोपर्यंत तो उन्हात उभा होता. त्याला कोणी सावलीत ये म्हटलं नाही, मीही नाही.

पुढे मीटिंग झाली. कबुतरांचा नियम तसाच राहिला, तो राहायलाच पाहिजे. त्याच्याखाली एक वाक्य घातलं, की पितृपक्षात दुपारपर्यंत गच्ची उघडी राहील आणि ज्याने त्याने आपली जागा धुऊन खाली यायचं. ते वाक्य चेअरमनने स्वतः मांडलं. माणसाने भावना जपल्या पाहिजेत, असं भाषण केलं आणि टाळ्या घेतल्या. माझ्याकडे बघून मानही हलवली, जशी काय आम्ही दोघांनी मिळून ही गोष्ट केली. मी टाळी वाजवली नाही. लिफ्टमध्ये तो भेटला की मी भिंतीकडे तोंड करतो. मुलगी म्हणते, आता सोडा ना बाबा. सोडणार नाही. त्याला मी माफ केलेलं नाही. पण नवमीला ती इथेच जेवेल, मी असलो-नसलो तरी.