चहासाठी गोंदियाला

आमच्या घरात दोन नवरे होते, आणि दोघेही माझेच; माणूस मात्र एकच. एक दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. दुसरा झोपायचंच विसरायचा. या दुसऱ्याने एकदा परसात तळं खोदायला घेतलं आणि गोठ्याची भिंत पाडली. गाईने तेवढी तक्रार केली नाही जेवढी सासूबाईंनी केली.

आमच्या आमगावात यावर बाहेरची बाधा, करणी, नजर असं सगळं सांगून झालं. शेवटी गोंदियाच्या एका म्हाताऱ्या वैद्यांकडे गेलो. ते म्हणाले, "हे मुळासकट जाणार नाही. पण ताब्यात राहील. जेवण वेळेवर, झोप वेळेवर. उपास नको, जागरण नको, चहा तर नकोच. अन् सकाळी चालायला न्या."

सासूबाई चिडल्या. "एकादशीबी सोडाची का वो?"

"तुमी दोन धरा," मी म्हटलं. "एक तुमची, एक तुमच्या पोराची."

चहा मात्र सुटेना. स्टेशनावरच्या चहावाल्याला मी बजावून आले, याईले देऊ नको. तर हे गाडीत बसून गोंदियाला चहा प्यायला गेले! किती पेले रिचवले देव जाणे. दुपारी परतले ते दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या नाच-नाटकाची, अख्खी मंडळी घेऊन.

"अवो, आपल्या अंगणात दंडार! मी राजा होऊन राहिलो!" डोळे लकाकत होते, शब्द एकमेकांवर पडत होते. मी ओळखलं, वारं शिरलं.

"व्हा राजा. पण आंदी जेवा."

पाहुण्यांना वडे वाढले, यांच्यापुढे भाताची पेज.

"त्याईले वडे अन् मले पेज? काऊन?"

"ते घरी जाऊन झोपतीन. तुमी नाही झोपत."

हे ताट सरकवणार, तेवढ्यात मंडळीतला म्हातारा ढोलकीवाला म्हणाला, "खा राजेसाहेब. आमच्या दंडारीतबी राणीचंच चालते."

सगळे हसले. हेही हसले, आणि पेज प्यायले. पुढे धान निघाल्यावर दंडार झाली, पण राजा दुसराच होता, कारण खेळ रात्रभर चालतो. हे माझ्याशी चांगलेच रुसले.

पडून राहण्याचे दिवस जास्त अवघड. तेव्हा थट्टा चालत नसे, समजूतही चालत नसे. मी दाराशी उभी राहून म्हणायची, "मी एकटीच धानाच्या बांधीवर जाऊन राहिली. साप निघाला त पाहून घेईन." थोड्या वेळाने मागे चपला फरफटायच्या. शेताच्या धुऱ्यावरून माझ्या मागे चालायचे. साप काही निघाला नाही. आम्ही परत येऊन जेवायचो.

दुखणं गेलं नाही. भरती यायची, ओहोटी यायची, पण आता घर वाहून जात नव्हतं.

धाकट्या लेकीच्या लग्नात मांडवात हे व्याह्यांना काहीतरी रंगवून सांगत होते. मधेच थांबले, माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "मी आज लय बोलून राहिलो ना?"

"लय नाही. थोडं जास्त."

"मंग मी पडतो जरासा."

आणि भर मांडवातून उठून आत जाऊन झोपले. व्याह्यांना वाटलं, काही मानपान चुकला. त्यांची समजूत काढता काढता माझी पुरेवाट झाली. आत डोकावले तर हे घोरत होते. इतकं गोड घोरणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.