अठरा ढांगा

…तर ते गुडघ्याचं सांगायचं राहिलंच. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. गळ्यात सदा मापाची टेप. पण गल्लीच्या फुटबॉल क्लबचं मैदान बावीस वर्षं तेच आखायचे, आणि तेही ढांगांनी! "टेप कापडाला, पाय मैदानाला. माझी ढांग म्हणजे गज," म्हणायचे. गोलपासून अठरा ढांगा टाकायच्या, तिथं फक्कीची पांढरी रेघ ओढायची, की झाली पेनल्टीची हद्द. ती बरोबर दिव्याच्या खांबासमोर यायची. कुणी कधी ताडून पाहिलं नाही.

यंदा उजव्या गुडघ्यानं असहकार पुकारला. जिना उतरताना कुणी दिसलं, की मास्तर कठडा धरून थांबायचे आणि हवापाण्याचं बोलायचे. ढांग आखडली होती. त्यांना कळत होतं. तरी अठरा मोजल्या आणि रेघ मारली.

सामना नव्या टॉवरवाल्यांशी. एका गोलनं मागं, दोन मिनिटं उरलेली, आणि त्यांनी आपला गडी खांबासमोर आडवा पाडला! पंच होते मास्तरांचे साडू, निवृत्त बसचालक. त्यांनी पायाखालची रेघ पाहिली आणि म्हणाले, "बाहेर. पेनल्टी नाही." हरलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तरांनी मैदानावर टेप लावली. पाच-पाच फुटांनी सरकत, वाकत. सोळा गज आणि वर वीतभर. मास्तर तिथंच फक्कीत बसले. दिवसभर दुकानात सुईत दोरा जाईना.

संध्याकाळी सायकल दुकानामागच्या खोलीत क्लबची बैठक भरली.

"खांबासमोर म्हणजे आतच! का खांब चालत गेला?"

"बस चालवायचे तेव्हाही थांबा सोडूनच उभी करायचे!"

खोली खो खो हसली. साडूंनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. मास्तरांकडं पाहून हळूच म्हणाले, "जाऊ दे रे. तू नको मधे पडू, तुला इथंच राहायचंय."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्तरांचे कान तापले, मान वर होईना. मग कसेबसे टेबल धरून उठले आणि सोळा गजांचं सांगून टाकलं.

सायकलवाले अध्यक्ष म्हणाले, "अहो मास्तर, ढांग कमी पडतेय हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मास्तरांनी शिट्टी उचलून साडूंच्या हातात दिली.

"होतं. गिऱ्हाइकाची बाही बोटभर आखूड झाली तर मी न सांगता उसवतो, पुन्हा शिवतो. इथं टेप काढली असती, तर म्हातारा झालो हे सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून याला तुमच्या तोंडी दिला. लाज त्याची नाही, माझी आहे."