नर्सबाईंना बसायला वेळ नसे

रिकामा बसलेला माणूस दिसला की जिच्या जिवाला खरोखर घोर लागतो अशी आळे गावात एकच बाई होती, आणि ती नेमकी आमच्या शेजारी राहायची. सगळे त्यांना नर्सबाई म्हणत. उभं आयुष्य मिशनच्या दवाखान्यात काढून नव्वद सालाच्या आसपास त्या निवृत्त झाल्या आणि वारलेल्या नवऱ्याच्या गावातल्या घरात एकट्याच येऊन राहिल्या. मूलबाळ नव्हतं. आमच्या आळीत ख्रिस्ती घर तेवढं एकच. “वेळ आपला नाही रे,” त्या मला सांगायच्या, “प्रभूचा आहे. आपल्याला नुसता सांभाळायला दिलाय. वर गेल्यावर तो विचारणार, काय केलंस त्याचं? तेव्हा काय सांगशील, पारावर बसलो होतो?” मी पारावर बसतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दर रविवारी त्या उपासनेला जुन्नरला जायच्या. आळेफाट्यावर एस.टी.ची वाट बघताना त्यांच्या हातात लोकर आणि सुया असत. गावात कुणाच्याही घरी बाळ झालं की त्याच्या डोक्यावर नर्सबाईंचं टोपडं चढलंच म्हणून समजा. गाडी उशिरा आली की बाकीचे लोक कंडक्टरच्या नावाने खडे फोडत. बाई मात्र गाडी वेळेवर आली तर नाराज होत, कारण टोपडं कानापाशीच अडायचं. एकदा डिंगोऱ्याला लग्नाला गेलो होतो. नवरदेवाची मंडळी बँडपुढे नाचतच बसली आणि मुहूर्त टळून गेला. मांडवातल्या बायका पदराने वारा घेत बसलेल्या बघून बाईंना राहवेना. त्यांनी आचाऱ्याकडून लसणाची पाटी मागवली आणि सगळ्यांपुढे ओतली. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा अर्ध्या वऱ्हाडाच्या एका हातात अक्षता आणि दुसऱ्यात लसूण होता. नवरीच्या अंगावर चार पाकळ्या पडल्या असं म्हणतात. मी पाहिलं नाही, पण पडल्या नसतील असंही छातीठोकपणे सांगणार नाही.

पुढे लोडशेडिंग सुरू झालं. अंधारात विणता येत नाही, म्हणून बाईंनी तो वेळ प्रार्थनेला लावला. एकेका घराचं नाव घेऊन त्या प्रभूला गाऱ्हाणं घालत. आमच्या आळीपासून सुरुवात करून लाइट येईपर्यंत जेवढं गाव होईल तेवढं. वेशीपलीकडचे मेंढरंवाले आबा एकदा मला म्हणाले, “राव, औंदा लाइट लई गेली, म्हणून तर माझा खोकला ग्येला. न्हाईतर बाईचा देव आमच्या वस्तीपतुर येतोय कुठं?”

एवढी माया करणाऱ्या बाईंकडे खरं तर माणसांची रीघ लागायला हवी होती. पण कुणी टेकायला गेलं की बाई चहाआधी वाटाण्याच्या शेंगांनी भरलेलं सूप सोलायला पुढे सरकवत. “बोलता बोलता होऊन जाईल,” म्हणत. होऊनही जायचं, पण बोलणं राहायचं. “बाईकडं च्या प्यायला गेलं की खुरपायला गेल्यावानी व्हतं,” असं आमच्या समोरच्या मामी म्हणायच्या. हळूहळू लोक रस्त्यावरूनच “बऱ्या हायेत ना बाई?” असं विचारून पुढे जाऊ लागले. संध्याकाळी त्यांच्या घरातून भांड्यांचा आवाज येई, झाडण्याचा आवाज येई, पण माणसाचा आवाज येत नसे. मला ते ऐकवत नसे.

सगळ्यात वाईट दिवस नाताळचा. ज्याच्या घरी सण त्याच्या घरी जाऊन फराळ करायचा, ही आमच्याकडची रीत. पण लोकांचा वेळ मोडायला नको म्हणून बाई उजाडताच करंज्या आणि केकची ताटं घेऊन स्वतः घरोघर फिरत. कुणी “बसा की बाई” म्हणालं तर “नको, वेळ नाही” म्हणून पुढच्या दारी. उपासना करून दुपारी परत आल्या की चकचकीत घरात नवं लुगडं नेसून एकट्या. फराळ घरपोच मिळाल्यावर कोण कशाला येणार? गावाला वाटायचं, बाईंना कुणी आलेलं नकोच आहे.

एका वर्षी नाताळच्या तोंडावर पायरीवरून घसरून त्यांचा गुडघा सुजला. त्या नाताळला ना जुन्नर, ना ताटं. दुपारपर्यंत आळीत कुजबुज झाली. मामी आधी आल्या. “फराळ आलं न्हाई, म्हणलं बाईला काय झालं का काय.” मग त्यांच्या सुना आल्या, आबा आले, पोरंटोरं आली. घर भरून गेलं. कांदा, सुना, टीव्हीवरच्या मालिका, कशाकशावर गप्पा झाल्या. बाई खाटेवर पाय लांब करून, हात मांडीवर ठेवून नुसत्या ऐकत होत्या. वाटाणे कुणालाच मिळाले नाहीत. सगळे गेल्यावर मी खुर्च्या उचलत होतो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “पुढच्या नाताळपर्यंत हा गुडघा बरा होऊ नये अशी प्रार्थना केली, तर पाप लागेल का रे?”

मी म्हणालो, “बाई, गुडघा बरा होऊ द्या. तुम्ही फक्त ताटं वाटू नका. लोक येतील.”

“छे. धडधाकट असून बसून राहू? तो वेळ कुणाच्या नावावर टाकू?”

गुडघा बरा झाला. पुढच्या नाताळला उजाडताच बाई ताटं घेऊन निघाल्या. आमचं घर शेवटचं. बायकोने ताट घेतलं आणि सवयीने म्हणाली, “बसा ना बाई.” बाई उंबऱ्यात थांबल्या. जुन्नरची गाडी गाठायची होती. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा आत पाहिलं, चपला काढल्या आणि येऊन बसल्या. गाडी गेली असणार. त्या आमच्याकडे जेवल्या, दुपारी भिंतीला टेकून त्यांचा जरा डोळाही लागला. दिवेलागणीला जागं होऊन त्यांनी पदर सारखा केला आणि बायकोला विचारलं, “निघू का मी आता?”

“कुणी वाट बघतंय का?” बायको बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

“नाही,” बाई म्हणाल्या. मग भिंतीला पुन्हा पाठ टेकून त्या बसून राहिल्या.