बनाबाईचा सत्कार

देवासाठी वाती वळत होते. निम्म्या झाल्या होत्या, तेवढ्यात बनाबाई फुलं घेऊन आली. आमचा यशराज रांगत होता तेव्हापासून ती आमच्याकडे फुलं देते. रोज उंबऱ्याशी टेकते, चहा घेते. आज उभीच राहिली.

"वहिनी, माझी संयोगिता शाळंला जायाचं न्हाय म्हणती."

"बरं नाही का तिला?"

"बरी हाय की. वर्गातल्या पोरी म्हणत्यात, दोरीवर चढून दाखीव."

माझा हात थांबला.

बनाबाई डोंबाऱ्याची. लहानपणी बाजाराच्या दिवशी गावोगाव दोरीवर चालायची, खाली बाप ढोलकं वाजवायचा. बिद्रीच्या बाजारात पडली, तेव्हापासून पाय ओढत चालते. लेकीला याचा वाराही लागू नये म्हणून तिनं तो खेळच सोडला, कळंब्यात खोली घेतली, फुलांचा धंदा धरला. नवऱ्याच्या मागं पोरीला यशराजच्याच शाळेत घातलं. दोरीचं फक्त मला सांगितलेलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

त्या शाळेच्या फुटबॉल संघाला 'डोंबारी' म्हणतात. पोरं उंच उड्या मारून हेडर घेतात, त्यावरून हे नाव पडलेलं. झेंड्यावर ढोलकं न् दोरी. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. उलट परवा मीच क्रीडाशिक्षकांना म्हटलं, आमची फुलवाली खरी डोंबारीण आहे, अंतिम सामन्याला तिचा सत्कार करा.

काल केला. साडी, नारळ, आणि वर हातात ढोलकं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, वाजव म्हणून. तिनं वाजवलं. समोर पोरींच्या रांगेत संयोगिता बसली होती. मी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन अंबाबाईपुढे जास्तीचा दिवासुद्धा लावला, चांगलं काम हातून घडलं म्हणून.

"नाही म्हणायचं होतंस, बाई," मी आता म्हटलं.

"तुमी बोलावलासा. न्हाय कसं म्हणू?" मग जरा हसली. "साडी झ्याक हाय, वहिनी. तीच नेसून पोरीला शाळंत सोडाय जाऊ काय?"

तिच्यासमोरच खेळाच्या सरांना स्पीकरवर फोन लावला. संघाचं नाव बदला म्हटलं.

"अहो, तिला कुठं काय वाटतंय?" सर म्हणाले. "काल वाजवत होती की."

बनाबाईनं ऐकलं. फुलं ठेवली न् गेली.

उद्या कुणीही हेच म्हणेल, वाजवत होती की. आणि वाजवायला लावलं मी. देवीपुढे बसले, पण स्तोत्र दोन ओळींपुढे सरेना.

आता शाळेत जाते, मुख्याध्यापकांकडे. सत्कार बनाबाईनं मागितला नव्हता, माझी कल्पना होती, हे सांगायचं आहे. आणि संघाचं नाव बदलायला लावायचं आहे.