नर्सबाईंचा चालता ठिपका

डोळखांबच्या दवाखान्यातल्या नर्सबाई शहापूरला माझ्या फोटो स्टुडिओत रोल धुवायला आणायच्या. "बसत नाय भाऊ, एसटी जाईल," म्हणायच्या आणि तासभर बसायच्या.

त्यांचे फोटो काळेकुट्ट, त्यात नुसते ठिपके. पहिल्यांदा मी रोल वाया गेला असं समजून प्रिंटच काढल्या नाहीत, तेव्हा त्या खूप हसल्या. मग दोन रात्रींच्या दोन प्रिंट शेजारी ठेवून त्यांनी नखानं एक ठिपका दाखवला. "बाकी तारे जाग्यावर हायत. हा सरकला बघा. लघुग्रह हाय."

कॅमेरा मस्कतला कामाला असलेल्या नवऱ्यानं पाठवला होता. तसाच दुसरा त्याच्याकडे होता.

एकदा नवऱ्यानं तिकडून काढलेला फोटो घेऊन त्या आल्या. काउंटरवर त्याच्याशेजारी त्यांनी आपला ठेवला. दोन्हींत तो ठिपका त्याच ताऱ्यांमध्ये, त्याच जागी होता.

"एकाच रात्री दोघांनी बघितला," त्या म्हणाल्या आणि कितीतरी वेळ नवऱ्याच्या फोटोवरून बोट फिरवत राहिल्या.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आता परत कधी येणार?"

"हा येईल दीड वर्षानं," त्या ठिपक्यावर नख ठेवून म्हणाल्या. "त्यांचं काय सांगता येत नाय."